अजून दुखतंय

प्रिय वन्सं,

ऑपरेशन नीट झालं. पित्ताशय गेलं, पोटावर नखाएवढी चार भोकं राहिली. ऑपरेशनसाठी आत भरलेला गॅस मात्र तीन दिवस उजव्या खांद्यात ठाण मांडून होता. इलाज पोटाचा नि ठणका खांद्याला, असा उलटा कारभार! काढलेले खडे बाटलीत घालून दिले, तर तुमच्या दादांनी बाटली हलवून बघितली आणि अडखळत म्हणाले, "एवढ्याशांनी तुला लोळवलं होय?" किती दिवसांनी हसलो आम्ही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दीड महिना भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. मी मान डोलावली. यांचं एक अंग लुळं पडल्यापासून सहा वर्षं मी यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत नेते, हे त्यांना सांगितलंच नाही. यांना उचलायला सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवली होती. मधली वेळ निभावू म्हटलं.

आठव्या दिवशी दुपारी हे पलंगावरून घसरले. मी काखेत हात घालून उचलायला गेले आणि पोटात अशी कळ आली की हातच सुटले. यांचं डोकं फरशीवर आपटलं, वन्सं, माझ्या हातून. त्या कामाच्या बाईला फोन केला, तर तिला यायला तास लागणार होता. कपडे ओले झाले होते, तेही मला बदलता येईनात. उशी दिली आणि शेजारी फरशीवर बसून राहिले. हे छताकडे बघत म्हणाले, "मला कुठंतरी ठेव." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" पण त्याच आठवड्यात यांना शुश्रूषा केंद्रात पोचवून आले. तुम्हाला कळवलं ते एवढंच, की मी बरी होईपर्यंत.

दिवसाआड जाते. हात धरतात, दाढी करून घेतात, निघताना विचारतात, "बरं वाटतंय ना आता?"

काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, आता काहीही उचला. तिथून थेट यांच्याकडे गेले. यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून दुखतंय." दुखत नाही, वन्सं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी सलग झोपते आहे. यांना घरी आणायचं मनात आलं की ती दुपार आठवते, आणि आणायचं नाही म्हटलं तर यांच्या डोळ्याला डोळा देववत नाही. रागवा, हवं ते बोला, पण एकदा या. उद्या पुन्हा जायचंय, आणि हे पुन्हा विचारतील.

तुमचीच,
वहिनी