जपानहून आलेलं आप्पांचं खोकं

आई,

दुधावर ताट ठेवलंय, ताटावर वरवंटा. मी केजला कुरिअरच्या हाफिसात चाललोय. आप्पांच्या कॅमेऱ्यासाठी जपानहून ऑनलाइन मागवलेली जुनी लेन्स आली. तीन आठवडे मुंबईच्या कस्टममध्ये बसली आणि आप्पा गेल्यावर नवव्या दिवशी केजला पोचली. असा उशीर आपली एसटीसुद्धा करत न्हाई.

घोळ असा की, पार्सल आप्पांच्या नावावर हाय. परदेशी खोक्यावर स्वतःचं नाव छापलेलं त्यांना बघायचं होतं. कुरिअरवाला म्हणतो, ज्याचं नाव त्याच्याच मोबाईलवर फोन करणार, त्यालाच ओटीपी येणार. मी विचारलं, "माणूस वारला असंल तर?" म्हणाला, "मग पार्सल वापस जपानला." मी म्हणलं, "न्हाई, सहज विचारलं."

आप्पांचा फोन मीच नेणार होतो, पण तुझ्या उशाखालून काढायला हात धजला न्हाई. तू तो रोज चार्जिंगला लावतीस. कावून लावतीस, ते मी कधी विचारलं न्हाई. आज कामाला येईल.

अकराच्या सुमारास फोन येईल. "वैजिनाथ हायत का?" असं विचारतील. "हायत, आंघोळीला गेलेत," म्हण. मग आलेला ओटीपी मला फोन करून सांग. आवाज भरून आला तर ठसका लागला म्हण.

अवघड न्हाई. काल मी कुरिअरवाल्याला दोनदा म्हणलं, आप्पा हायत म्हणून. लई बरं वाटलं.

रवि