वाऱ्याला विचारून कामं होत नाहीत

३ मार्च
ड्रोनने इमारती धुण्याची कंपनी काढली. मी डायरेक्टर. उडवायचं लायसन्स मेहुणीकडे, म्हणून ती पायलट. बायको ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे आमचं डायनिंग टेबल. जेवणाच्या वेळी बंद असतं.

६ मार्च
पहिलं काम! अकरा मजली ऑफिस बिल्डिंग, पुढून सगळी काच. नीट झालं तर शेजारच्या दोन्ही बिल्डिंगा तुमच्याच, असं मॅनेजरबाई म्हणाल्या. आणि नाही झालं तर, असंही विचारलं. मी नुसता हसलो. लीडर हसतो.
मेहुणीने आमच्या भरवशावर नोकरी सोडली. शहाणी मुलगी.

८ मार्च
पाहणी. मेहुणी वारा मोजत होती, कुठल्या खिडक्या उघडतात ते बघत होती, लोकांना अडवायला खाली दोरी कुठवर बांधायची ते ठरवत होती. मी बिल्डिंगसमोर फोटो काढून घेतले. कामाची वाटणी नीट झाली की टीम पळते.
सेफ्टी प्लॅन तिने लिहिला, मी सही केली. पहिलं पान वाचलं. बाकीचं अंदाजाने कळतं.

११ मार्च
घरामागे ट्रायल. जमिनीवरच्या पंपाचा पाइप शेपटीसारखा घेऊन ड्रोन वर जातो. थोडा वेळ रिमोट मला मिळाला. हात लगेच बसला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे परत धुतले गेले. मी त्याला डेमो म्हणतो. काकूंनी वेगळा शब्द वापरला. मेहुणीने रिमोट काढून घेतला. जळते.

१४ मार्च, सकाळ
कामाचा दिवस. टाय घातला.
मेहुणी म्हणते, वारा जास्त आहे, भावोजी, आज उडवायचं नाही. मी म्हटलं, वाऱ्याला विचारून कामं होत नाहीत. ह्या कामात होतात, म्हणाली, आणि उद्याची वेळ मागायला मॅनेजरबाईंकडे वर गेली. ड्रोनच्या पेटीची चावी बायकोकडे देऊन. मी हिला सांगितलं, बहिणीनेच मागवलीय. हे खोटं नव्हे. तिच्या वतीने घेतलेला निर्णय आहे.

१४ मार्च, दुपार, गाडीत
टेकऑफ झकास. खालचे मजले लखलखले. सातव्यावर वाऱ्याने ड्रोन जरासा ढकलला. नेमकी तिथे एक खिडकी उघडी. आत मीटिंग. साबणाचं पाणी फुल प्रेशरने आत गेलं. पंप बंद करा म्हणून ओरडलो, पण पंपावरही मीच होतो. शेवटी हिने धावत येऊन बंद केला. तेवढ्यात पाइप एसीच्या खोक्यात अडकला. ड्रोनने गिरकी घेतली आणि खाली उतरला. जरा वेगाने. चार तुकड्यांत.
पडला तो दोरीच्या आत. पलीकडे एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. दोरी उगाच इतकी लांब बांधली, असं सकाळी मीच म्हणालो होतो.
गाडीची किल्ली दोनदा खाली पडली. कॉफी जास्त झाली असणार.

१५ मार्च
मीटिंगमध्ये बिल्डिंगचे मालकच होते म्हणे. मॅनेजरबाईंनी आधी सांगायला नको? ढिसाळ कारभार.
हिने चहा फक्त स्वतःपुरता केला. रागावलीस का, विचारलं. म्हणाली, मीटिंगचं, ड्रोनचं काही नाही रे, पण माझ्या तोंडावर माझ्याच बहिणीच्या नावाने खोटं बोललास. आणि ते बाळ... आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी बराच वेळ बोलत होती.
सॉरी म्हणायचं ठरवलं आहे. योग्य वेळ बघून.

१८ मार्च
दोघी बहिणी मालकांना भेटायला गेल्या. मी गाडीत थांबायचं असं ठरलं. स्ट्रॅटेजी. मालकांनी पुन्हा संधी दिली! ड्रोन भाड्याने आणायचा, उडवणार मेहुणी, सेफ्टी बघणार ही. एक अट आहे म्हणाल्या. कसली, विचारलं. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.
अट मी होतो.

२२ मार्च
वारा पडलेला. मेहुणीने जेवणाआधी अर्धी बिल्डिंग धुतली. ही मजल्यामजल्यावर जाऊन खिडक्या बंद आहेत की नाही ते बघून आली. मला दोरीबाहेर उभं केलंय. पिवळं जॅकेट, शिट्टी. पब्लिक रिलेशन्स.
एक साहेब गाडीतून उतरले. वर बघून म्हणाले, काय एकेक निघालंय! मी म्हटलं, कल्पना माझीच. हो का, म्हणाले. मग डिकीतून फडकं काढून माझ्या हातात दिलं. मी वरून येईपर्यंत पुढची काच तेवढी पुसून ठेव, म्हणाले.
पुसली. रेघा राहिल्या, म्हणून परत पुसली.