कमळाखालची चीर

५ फेब्रु.
खोपोली. सुवर्णाचं कपाट. दारावर कमळांचं ट्रान्सफर. कागद चिकटवायचा, काठीने घासायचं, वरचा कागद सोलला की चित्र लाकडावर राहतं. पण दाराला मधोमध बोटभर खोल चीर. आधी चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागली.
"कशानं झालं गं?"
"कोयता पडला, ताई."
उभ्या दारावर कोयता पडतो? नसरीन नि मी सहा वर्षं एकत्र भिंती-कपाटं सजवतोय. असली चीर पहिल्यांदा. दोघींनी कमळं घासली.

१९ फेब्रु.
सुवर्णाचं परत बोलावणं. आता हॉलची भिंत. स्टूल फेकून मारलेलं, प्लास्टर उडालंय. खाली तांबूस डाग, पुसूनही न गेलेला. तिची कानशिलं सुजलेली. "रविवारी सासरचे येणार, त्याआधी झाड लावा, पक्ष्यांचं."
लावलं. टेंपोत नसरीन म्हणाली, "मी नाय येणार परत. आपण तिच्या नवऱ्याचंच काम करतोय गं, झाकायचं."
मी उरलेले कागद गुंडाळले.

२० फेब्रु.
बाबा आईला चुलीतल्या लाकडाने मारायचे. मी दाराआड. एकदाही मध्ये पडले नाही. आज दिवसभर तेच.

४ मार्च
कागद खराब निघाल्याने झाडाची एक फांदी राहिली होती. एकटीच गेले. अकराच्या सुमारास तिचा नवरा कंपनीतून अचानक घरी. "कोणाला इचारून परत भिंतीला हात लावला?" नखांनी पक्षी खरवडले. ती नुसती "अहो" म्हणाली. केसांना धरून तिचं तोंड कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा. परत. दात माझ्या कागदावर पडला.
माझ्या पिशवीत हातोडी होती.
पहिला घाव मनगटावर. त्याने केस सोडले, माझ्या अंगावर आला. दुसरा खांद्यावर. तो पडला. मग गुडघ्यावर दोन. हाड मोडल्याचा आवाज आला तरी हात वर गेला. सुवर्णा रक्ताळल्या तोंडाने माझ्या हाताला लोंबकळली, "ताई, मरंल तो!"

५ मार्च
तो दवाखान्यात. गुडघ्याचा चुरा. जबाबात म्हणे, मी चोरी करताना सापडले नि हल्ला केला. बायको घसरून पडली.
पोलीस ठाण्यात साहेबांनी मला विचारलं, "पडल्यावर का मारलंत?"
 खरं उत्तर: बरं वाटत होतं. इथेच लिहिते फक्त.
विलास घरी येऊन ओरडला, "घाबरून मारलं म्हण ना! नवरा म्हणून सांगतोय, आत जाशील." ताट आपटलं. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. तोही बघत होता, माझ्या.

७ मार्च
सुवर्णा कर्जतला, आईकडे. नसरीन जाऊन आली. जबड्याला टाके, बोलता येत नाही, पण लिहिता येतं. सासू तिथंही उशाशी डबा घेऊन बसलेली, उठतच नाही.
नसरीनने हळूच विचारलं, "जबाबात काय लिहिणार हायस?" सुवर्णाने भिंतीकडे तोंड फिरवलं.
"मी तुझ्या बाजूनं हाय," नसरीन मला म्हणाली. "पण चार घाव का गं?"

८ मार्च
सकाळ. दहाला पोलीस तिचा जबाब घ्यायला जाणार. मीही पळसदरीच्या घरून कर्जतला निघतेय, विलासला न सांगता. सासू आत सोडेल की नाही, ठाऊक नाही.
तो पडल्यावरचे दोन घाव मी आज सांगणार. विचारोत न विचारोत. ते माझे.
त्याआधीचं सगळं सुवर्णाचं. ते तिनंच सांगायचं.