बंबाचं पाणी

अहो,

काल दुपारी समोरच्या बिल्डिंगमधली वैशाली आली आणि दारातच उभी राहून मला म्हणाली, "काकू, बंब कसा असतो हो?"

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "तुला कशाला हवाय बंब? तुमच्याकडे तर गॅसचा गिझर आहे." तर ती रडायलाच लागली. तिचा नवरा तुमच्याच कंपनीत, तुमच्याच प्लांटवर आहे. परवा त्याच्या पायावर ॲसिड उडालं, गुडघ्यापासून खाली सगळं भाजलंय. आणि कंपनीतला माणूस घरी येऊन सांगून गेला, की कोणी विचारलं तर सांगा, घरी बंबाचं पाणी सांडलं.

"मी तर बंब कधी बघितलेलाच नाही काकू. तो ठेवतात कुठे? पाणी वरून काढतात की खालून? कोणी नीट विचारलं तर मी काय सांगू?"

ऐकताय ना? चाळी पाडून बिल्डिंगी झाल्या, घरोघरी केबल आली, पण यांना अजून दुसरं खोटं सुचलेलं नाही! तुमच्यासाठी काढलेलं वाक्य तसंच्या तसं वापरतायत. म्हणून आज कागद घेऊन बसलेय. तुम्हाला एक सांगायचंय. पण त्याआधी मला थोडं भांडू द्या, दोन वर्षं झाली तुमच्याशी भांडून.

तो मार्च आठवतो? सुरक्षा सप्ताह तोंडावर आलेला. तुम्ही पहिल्या पाळीला गेलेलात. जेवणाच्या वेळेला कंपनीची जीप चाळीसमोर थांबली आणि दोघांनी धरून तुम्हाला खाली उतरवलं. मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत नुसती पट्टी. ईएसआयच्या दवाखान्यात नेलंच नव्हतं, कंपनीच्या ओळखीच्या डॉक्टरकडून पट्टी करून थेट घरी आणलेलं. मी ओरडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "गप. हे घरीच झालंय."

घरीच! अहो, मी सकाळपासून घरातच होते की!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंपाजवळचा पाइपाचा जोड सुटला आणि ॲसिड अंगावर आलं. तो जोड बसवलेला तुमच्या दोस्ताने, गोळवलीच्या पाटलांनी. अपघाताची नोंद झाली तर चौकशी होणार आणि पाटलांची नोकरी जाणार. शिवाय साहेब म्हणाले, वर्षभरात आपल्याकडे एकही अपघात नाही, सगळ्या कामगारांना बक्षीस मिळणार आहे, तुमच्या एकट्यापायी सगळ्यांचं घालवायचं का? रजिस्टर कोरं राहू द्या, रजेच्या अर्जात घरगुती कारण लिहा. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी पाणी तापवायला बंब असेल ना?" आणि तुम्ही, जन्मात खोटं न बोललेला माणूस, म्हणालात, "आहे."

आणि मला म्हणालात, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. कोणाला बोलायचं नाही." भाजलेल्या गळ्याची शपथ! त्या गळ्याकडे बघून मी नाही कशी म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी तुमचा शर्ट भिजत घातला तर कॉलर हातात सुटून आली. पाठीला भोकंच भोकं. गरम पाण्यानं शर्टाचं असं होत नाही, हे शेजारणींना न सांगताही कळलं असतं. म्हणून दार लोटून घेतलं आणि तो शर्ट त्याच बंबात घालून जाळला. काय घाण वास सुटलेला! बिचाऱ्या बंबाचा काय दोष होता? तुमच्या गावाहून आणलेला, चिंचेनं घासला की लखलखायचा. महिन्याभरात तुमच्या आईनं तो मोडीत काढायला लावला.

सासूबाई चिपळूणहून आल्या तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी तुमची पट्टी बघितली, बंब बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "माझ्या पोराला जितेपणी उकडलंस की गो!" तुम्ही खाटेवर पडून होतात. जागे होतात. पापणी हललेली मी बघितली.

त्यानंतर त्या आपल्याकडेच राहिल्या, पण मरेपर्यंत त्यांनी माझ्या हातचं आंघोळीचं पाणी घेतलं नाही. गुडघे धरलेले असायचे, तरी स्वतः बादली ओढत मोरीपर्यंत न्यायच्या. मी पुढे झाले की म्हणायच्या, "नको, तू लांबच राहा." जेवण माझ्या हातचं चालायचं, औषध चालायचं, फक्त पाणी नाही. नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत त्यांना माझी आई भेटली, तर तिलाही त्यांनी माझ्याबद्दल ऐकवलं. मग कोपरीला माहेरी गेले तेव्हा आईनं मला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, "खरं सांग. भांडण झालेलं का तुमचं? रागाच्या भरात ओतलंस का?"

माझ्या आईनं विचारलं हो! आणि मी काय सांगितलं असेल? "नाही गं, हातातून निसटलं."

तुम्ही एकदा सासूबाईंच्या कानात तरी सांगायचंत. तेवढंच मागत होते मी. तर म्हणे, "आईच्या पोटात काही राहत नाही, गावभर होईल." खरं होतं ते. गावभर झालं असतं. पण त्याच्या बदल्यात गावभर माझं झालं, त्याचं काय?

आणि बक्षीस काय आलं? आंघोळीची बादली! स्टीलची, मोठी, कडेवर मशीननं कोरलेलं: सुरक्षा सप्ताह, शून्य अपघात. तुम्ही डाव्या हातात धरून आणलीत, कारण उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. शेजारची हसून म्हणाली, "आता यातलं पाणी जरा जपून ओत गं बाई." चाळ हसली, तुम्हीही हसलात. मी त्या बादलीत तांदूळ भरून ठेवले. आजही तांदूळच आहेत, पाण्याचा थेंब तिला लागू दिलेला नाही.

हात तुमचा धड झालाच नाही. भाकरीचा तुकडा मोडायचा तर मी मोडून द्यायची. प्लांटवरून पॅकिंगला टाकलं, आणि पुढे माणसं कमी केली तेव्हा पहिलं नाव तुमचं. युनियनवाला म्हणाला, "कंपनीत झालेलं असतं तर भांडलो असतो. पण तुमच्या सहीनं घरचं म्हणून लिहिलंय." घरी येऊन हे तुम्ही मला हसत हसत सांगितलंत. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही. तुमच्या त्या हसण्याचा अजून राग आहे मला.

आज सकाळी मी गोळवलीला गेलेले, पाटील भावोजींकडे. ते आता कामावर जात नाहीत, अंगणात जाळं विणत बसलेले. वैशालीकडून कळलेलं सगळं सांगितलं, जोड सुटून ॲसिड उडालं म्हटलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "कुठला जोड?"

म्हटलं, "पंपाजवळचा."

हातातलं जाळं त्यांनी खाली ठेवलं. "वैनी, तो जोड मीच बसवलेला. पन त्यातला रबराचा वायसर जुना व्हता. नवा द्या, नवा द्या, मागून मागून थकलो, दिला नाय त्यांनी. भाऊंनी माजी नोकरी राखली, मी गप ऱ्हायलो. तुमाला लोक बोलायचं ते बी ऐकलंय मी. तवा बी गप ऱ्हायलो."

तर असं आहे. अपघात झालाच नाही म्हटल्यावर जोड कोण बदलणार? तिथे काही बिघडलंच नव्हतं ना! बंब बिघडलेला, माझा हात बिघडलेला. तुम्ही पाटलांना वाचवलंत, यात काही वाद नाही. पण त्याच जोडाखाली परवा वैशालीचा नवरा उभा होता. मी तुम्हाला दोष देत नाहीये. नाही, देतेय. थोडा देतेच. तुम्हीही आज त्या अंगणात असतात तर स्वतःला दिला असता.

आता ते सांगायचं राहिलेलं. शपथ मोडली तर ज्याची घातली त्याला बाधते, म्हणून मी इतकी वर्षं तोंड शिवून घेतलं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी बसूनही बोलले नाही. ओठांवर आलेलं, पण तुमच्या गळ्याकडे बघितलं आणि गिळलं. आणि मी एवढी पाळूनसुद्धा तुम्ही गेलातच की! छातीत कळ आली आणि तासाभरात गेलात. मग गेल्यावरही मी दोन वर्षं का पाळली? आता तुम्हाला काय बाधणार होतं? पण सवय. तुमच्या नावानं गप्प बसायचीच सवय झालेली.

वैशालीच्या मागे तिची सासू आत्ताच लागलीय, "विचारलं तर नीट सांग हं, तुझ्या हातून सांडलं म्हणून." पोरगी पंचविशीची नाही. तिला मी म्हटलं, "एकदा सांगितलंस की जन्मभर तुझ्याच हातून सांडलेलं राहील."

तर उद्या आम्ही तिघं जाणार आहोत, वैशाली, पाटील भावोजी आणि मी, फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात. काय होईल मला माहीत नाही. कदाचित ऐकून घेतील, कदाचित बाकावर बसवून ठेवतील. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? तिच्या नवऱ्याला कामावरून काढलं तर ती मलाच बोल लावेल, हेही कळतंय मला. पण बंब कसा असतो ते मी तिला सांगितलेलं नाही. आणि सांगणारही नाही.

तुम्हाला माझा एक शब्द देते. लग्नाच्या उखाण्यानंतर मी तुमचं नाव कधी उच्चारलं नाही, या कागदावरसुद्धा वर "अहो" एवढंच लिहिलंय. उद्या तिथे कोणी विचारलं की बाई, तुमचं काय काम, तर "आमचे हे" म्हणून अडखळणार नाही. नाव घेईन. वसंत रामचंद्र घाग कंपनीत भाजले. घरी पाणी सांडलं नव्हतं.

तुमचीच,
सुलभा