गोंगाटातला होकार

सौभाग्यवतीस,

मी इथे परदेशात लेकीकडे मजेत आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझी पाठ कशी आहे?

काल संध्याकाळी लेकीने मला एका झकपक जपानी हॉटेलात नेलं. आत थिएटरसारखा अंधार, आणि गाणी एवढ्या मोठ्याने की टेबल थरथरत होतं. तिने कच्च्या माशाचे काप खाल्ले. मला काकडी घातलेल्या भाताच्या वळकट्या काड्यांनी उचलता येईनात, मग सरळ हाताने खाल्ल्या.

जेवताना ती माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होती. हल्ली माझा डावा कान जरा दगा देतो, त्यात तो धांगडधिंगा. एक अक्षरही कळलं नाही. तिचा विरस नको म्हणून मी मान डोलावत राहिलो.

बाहेर आल्यावर तिने मला मिठीच मारली. “बाबा, मी कायमची इथेच राहणार म्हटल्यावर तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. आईला तुम्हीच सांगाल ना?”

मला ऐकूच आलं नव्हतं, हे तेव्हा सांगता आलं असतं. पण तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मी पुन्हा मान डोलावली. या वेळी ऐकून.

म्हणून हे पत्र. आधी घोटभर पाणी पी, मग तिला फोन कर. रडलीस तरी चालेल, पण तिच्यावर रागावू नकोस.

तुझाच,
अहो