भिंतीकडची बाजू

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि हे मी फोनवर एका बोटानं टाइप करतेय, त्यामुळे वेळ लागतोय. शाळा आठवीतच सुटली. वर्ग तिसऱ्या मजल्यावर गेला आणि माझं हृदय पहिल्याच मजल्यावर थांबायला लागलं.

मी, गादीच्या दुकानात शिवणकाम करणारी, वय एकोणीस, लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी दम दिलेला नाही, कुणी गोड बोलून गुंडाळलेलं नाही. उद्या मी हृदयाची झडप बदलायला दवाखान्यात भरती होतेय. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही." पण ते दोनदा म्हणाले, म्हणून हे मृत्युपत्र.

एक. माझं दाभण आणि मोठी कात्री काकांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना. "आधी हात फिरव, मग कात्री लाव," हे त्यांनीच शिकवलं. मी दिवस दिवस बोलायचे नाही, तरी त्यांनी कधी "मुकी आहेस का" असं विचारलं नाही.

दोन. बँकेत जे आहे ते बाबांचं. त्यावरून भांडायला कुणी येईल एवढं ते नाहीच.

तीन. माझी कामं. जुनी गादी किंवा उशी फोडायच्या आधी मी तिच्यावर प्लास्टिक अंथरते आणि खळ लावलेल्या कागदाचे थर देते. वाळलं की उचलून उलटं करते. माणसानं जिथं खळगा पाडला, तिथं कागदाला अंग येतं. खांदा, कंबर, टाच. प्रदर्शन भरवणाऱ्या ताई दुकानात आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कशाचं शिल्प गं?" मी घाबरून म्हणाले, "हवं असण्याचं." त्यांनी जावं म्हणून मी काहीही बोलले असते. नंतर वाटलं, खरंच ते तसंच आहे. रखवालदाराच्या खुर्चीची उशी फक्त पुढच्या कडेला दबलेली होती. इतकी वर्षं तो माणूस कुणासाठी तरी उठायच्या तयारीत बसलाय. ही सगळी कामं ताईंना. टांगा, विका, नावं द्या. फक्त पाचवं कलम सोडून.

चार. आत्याला तिच्याच उशीचा ठसा. त्यात तिची मूठ उमटलीय. ती कुणावर वळलीय ते तिनंच बघावं. "लोकांची अंथरुणं हुंगत बसतेस," असं ती मला म्हणायची ते मी सोडून देते. पण "तुझ्या बापाचं काळीज दगडाचं, बायको वारली तरी डोळ्यात टिपूस नाही," असं ती माझ्यासमोर म्हणायची. ते मी सोडत नाही.

पाच. बाबा, हे तुमच्यासाठी.

आई वारली तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही तिचे कपडे वाटून टाकले, फोटो काढून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्तीला कामावर गेलात. मला वाटलं, आत्या म्हणते ते बरोबर असेल.

ऑपरेशनची तारीख मिळाली त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "घरी आलीस की तुला चांगली गादी लागेल. माझी ने, पिंजून भरून घे."

दुकानात काकांनी त्या गादीवर हात फिरवला आणि विचारलं, "बाबा कुठल्या बाजूला झोपतात गं?"

"दाराच्या. ही ठिगळाची कड दाराकडे असते."

"मग दाराची बाजू नवीकोरी कशी?"

खळगा भिंतीकडे होता. आईच्या जागी. आई बुटकी होती, म्हणून तुम्ही गुडघे पोटाशी घेतलेत, तिच्या मापात मावायला. इतकी वर्षं. आणि ती जागा तुम्ही माझ्यासाठी पिंजायला दिलीत.

मी फोडायच्या आधी ठसा घेतला. ताईंना तोच प्रदर्शनात मधोमध हवा होता. मी तुम्हाला दाखवला, तर तुम्ही दारातूनच बघितलंत.

"घरातलं अंथरूण चव्हाट्यावर टांगणार?"

"नाव नाही लिहिलेलं, बाबा."

"मला ओळखू येतंय ना."

ताई म्हणाल्या, "कलेत कसली आलीय लाज?" मी गप्प बसले. तुम्हाला वाटलं, माझंही तेच मत आहे. तेव्हापासून तुम्ही जेवढ्यास तेवढं बोलता. दवाखान्याच्या कागदावर सही केलीत तीही माझ्याकडे न बघता.

तर, भिंतीकडचा ठसा फक्त बाबांचा. ताईंनी मागितला तरी द्यायचा नाही, फोटोही काढायचा नाही. बाबांनी टांगा म्हटलं तर टांगायचा. मोडायचा असेल तर पाण्यात भिजवला की विरघळतो, कागदच आहे. पण त्याआधी, बाबा, एकदा जवळ जाऊन हात फिरवा. तुम्हाला कुणी रडताना बघितलं नाही, पण मी गुडघे बघितले. हे तोंडानं सांगायला मला जमलं नसतं.

सहा. भरलेली गादी घरीच आहे. मी परत आले नाही तर ती वाटून टाकू नका. मी परत आले तरी मी माझ्या खाटेवरच झोपेन. ती तुमची. भिंतीकडची बाजू मी मुद्दाम मऊ भरलीय, दबायला वेळ लागणार नाही.

हे सगळं कागदावर छापून घेऊन, वाचून, समजून, माझ्या हातानं सही केली.

साक्षीदार: गादीच्या दुकानाचे मालक (सही). समोरचे चष्मेवाले (सही, चष्मा शोधून).

ठिकाण: दुकानाचा माळा. तारीख: भरती व्हायच्या आदला दिवस, दुपार.

ता.क. (हे पेनानं.) आत्ताच खालून काका ओरडले, त्यांच्या मुलीला जुळं झालं! दोन्ही मुली. पाळण्यात थोरली कोण, धाकटी कोण ते आत्ताच कुणाला कळेना झालंय.