पायाळू चंदाला

चांदूर बाजार,
रविवार सकाळ

प्रिय चंदा,

अनेक आशीर्वाद. फोनवर माझ्या कमरेचा विषय निघाला की तुझ्या कुकरची शिटी तरी होते, नाहीतर दारात कोणीतरी येतं. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही.

आधी चांगली बातमी. काल मी काठीशिवाय नत्थुजींच्या दुकानापर्यंत जाऊन आलो आणि उजव्या पायातली चप्पल एकदाही गळून पडली नाही. ऑपरेशनला बावीस दिवस झाले. टाके निघाले, पिंडरीत करंट मारायचा तो थांबला. नत्थुजींनी चहा पाजला आणि चार माणसांसमोर विचारलं, "बंडूभाऊ, डोकं तं चांगलं होतं तुमचं, मंग डोक्याच्या डाक्टरकडे काहून गेलते?" अमरावतीच्या त्या दवाखान्यावर 'मेंदू व मणका' अशी पाटी आहे, आणि आपल्या लोकांनी पहिलाच शब्द वाचला. माझं डोकं भादरलं आहे का, ते बघायला दोघं घरीसुद्धा आले होते. टोपी काढून दाखवली, तेव्हा जरा हिरमुसून गेले.

तसा मीही घाबरलेलोच होतो. मेंदूच्या डॉक्टरचं माझ्या कमरेशी काय काम? पण डॉक्टर दामिनीबाईंनी मला समोर बसवून नीट सांगितलं. मेंदूतून निघालेला नसांचा जुडगा पाठीच्या कण्यातूनच खाली येतो, म्हणून दोन्हींचा डॉक्टर एकच. मग एमआरआयचा फोटो उजेडावर धरून दाखवला. दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून नसेवर बसली होती. तीस वर्षं खांबावर चढलेल्या लाइनमनला आणखी काय सांगायचं? मी म्हटलं, "बाई, म्हणजे लाइन तुटली नाही, दबली आहे." त्या म्हणाल्या, "बरोबर. पण फार दिवस दबून राहिली तर पाऊल उचलायची ताकद पूर्ण परत येईलच, असं मी सांगू शकत नाही."

मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस खाटेला खिळला, हेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी लाइट बिलाच्या पाठीमागे प्रश्न लिहून नेले होते. मणका काढून ठेवतात का? नाही, लहानशी चीर देऊन दुर्बिणीतून सरकलेला तुकडा तेवढा काढतात. किती दिवस पडून राहायचं? दुसऱ्याच दिवशी उभं करतात. सगळे प्रश्न झाले, फक्त शेवटचा राहिला. तो विचारायला मी तुझी वहिनी, सुभद्रा, औषधं आणायला खाली जाईपर्यंत थांबलो.

प्रश्न तुझ्या पायाचा होता. आईला तू पायांकडून झालीस आणि गावाने तुला पायाळू करून टाकलं. कोणाची कंबर धरली की रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि तू फ्रॉक सावरत, तोंड फुगवून, अंगठा टेकवायचीस. तुला ते कधीच आवडलं नाही. मे महिन्यात तू माहेरपणाला आलीस त्याच दिवशी माझी कंबर धरली, आणि सुभद्रेने तुलाच पाय लावायला सांगितलं. तू नको नको म्हणत होतीस. शेवटी टेकवलास, चिमणी बसावी एवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पाऊल उचलेना. सुभद्रा घाबरून बोलून गेली, "चंदाबाई, जोरानं तं नाई ना पडला पाय?" तू पिशवी भरायला घेतलीस. दुपारच्या बसने अकोल्याला निघून गेलीस आणि पुन्हा माझ्यासमोर आली नाहीस. ऑपरेशनच्या दिवशी तू खाली मेडिकलजवळच्या बाकावर सकाळपासून बसून होतीस, मी शुद्धीवर आलो हे कळल्यावर वर न येताच परत गेलीस, हे मला गीतांजलीने सांगितलं. माझी पोरगी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही.

तर मी डॉक्टरांना विचारलं, पायाळूचा पाय लागून असं होतं का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगठा टेकवल्याने ही गादी सरकत नाही. ती आधीच झिजलेली होती. त्या दिवशी काही जड उचललं होतं का?"

चंदा, मी उचललं होतं. तू यायच्या आधी सकाळी, सुभद्रा बारशाला गेली असताना, मी कूलर एकट्याने खिडकीतल्या लोखंडी घोडीवर चढवला, पाण्यासकट. तुला थंड खोली मिळावी म्हणून. सुभद्रेने बजावलं होतं, दोन माणसं आल्याशिवाय हात लावू नका. कमरेत कट्कन आवाज झाला तो मी ऐकला होता. तिची बोलणी नकोत म्हणून लपवला. दुसऱ्या दिवशी तिने तुला विचारलं तेव्हा मी तिथेच खाटेवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना पायाची भीती वाटलीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की मी उठलोच नाही तर हे तू जन्मभर स्वतःच्या पायावर घेशील. काल रात्री जेवताना सुभद्रेला सगळं सांगितलं. ती माझ्यावर भडकली, मग तुझ्यासाठी रडली. ती तुला फोन करीलच, पण त्याआधी माझ्या हातचं तुला मिळायला हवं होतं. माझं चुकलं, चंदा. तुझ्या पायाने मला काहीही झालं नाही. डॉक्टरांनी मला तीन महिने वाकायला मनाई केली आहे. ते संपले की पहिल्यांदा वाकेन ते तुझ्या पायाशी. मोठा भाऊ धाकट्या बहिणीच्या पाया पडत नाही, हे मला शिकवू नकोस. फक्त तेव्हा पाय मागे घेऊ नकोस.

तुझाच,
भित्रा बंडूदादा